अक्षयवटाखाली सोडलेली भाजी

बटाट्याला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या एक बाई आहेत, त्या चालता चालता सगळ्यांना सांगत सुटतात, "आलू मत खाया करो, आलू से मोटापा चढ़ता है, शुगर होती है." मेल्या बटाट्यानं तुमचं काय घोडं मारलंय? तुम्ही त्याला तेलात बुडवता, वर मसाला भुरभुरता, पिशव्या भरभरून खाता आणि नाव त्याचं खराब करता. तोच सालीसकट उकडा, मीठ-जिरं लावा, सोबत वाटीभर ताक घ्या आणि मग बोला माझ्याशी. वाढत्या पोराचं पोट भरतं, म्हाताऱ्याच्या कवळीला चालतो, आजाऱ्याला पचतो, आणि हातगाडीवर सगळ्यात स्वस्त तोच असतो. हे मी त्या बाईंना एकदा तोंडावर सांगितलं. तेव्हापासून मला पाहिलं की त्या बागेची दुसरी बाजू धरतात. बरं झालं.

खरं म्हणजे माझा राग त्यांच्यावर नाही. माझा राग आमच्या घरातल्या माणसावर आहे, आणि ते मागच्या माघात गेले. गेलेल्या माणसावर रागवता येतं का? मला येतं. रोज येतं.

माझे यजमान रेल्वेत होते. जन्म तिकडे भुसावळकडचा, एका लहानशा स्टेशनाच्या क्वार्टरातला. वडील लवकर गेले आणि सासूबाईंना रेल्वेनं स्टेशनावर पाणी पाजायच्या कामावर घेतलं. चार लेकरं आणि पहाटेची ड्यूटी. निघायच्या आधी त्या शेगडीवर पातेलंभर बटाटे उकडायला ठेवायच्या. मुलं उठली की त्यातलेच बटाटे मीठ-तिखट लावून खायची, आणि थंडीच्या दिवसांत एकेक गरम बटाटा सदऱ्याच्या खिशात घालून शाळेला निघायची. जाताना त्यावर हात शेकायचे, मधल्या सुट्टीत तोच सोलून खायचा. दुपारी बटाट्याचा पातळ रस्सा आणि भाकरी. दुसरी भाजी सणाला. चारही मुलं धडधाकट निघाली, कुणाला कधी मोठं दुखणं आलं नाही, आणि सगळी नोकरीला लागली. "आईनं आम्हाला बटाट्यावर वाढवलंय," हे वाक्य मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलं की पाहुणे आले आणि ते सुरू झाले की मी पुढचं वाक्य आधीच बोलून टाकायची. ते हसायचे.

झाशीच्या कारखान्यात त्यांची बदली झाली आणि आमचं लग्न जमलं. मी इथलीच. आमचे पूर्वज जुन्या संस्थानाच्या काळी पौरोहित्य करायला इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. माझा थोरला भाऊ अजून तेच करतो, झाशीतल्या उरल्यासुरल्या मराठी घरांत सत्यनारायण, मुंज, तेरावं, जे असेल ते. आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली की सासूबाईंनी मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "ही सांगते काय नेमकं?" पण स्वयंपाकघरात आमचं दोघींचं लगेच जमलं. तिथं बोलायला लागत नाही.

त्यांना बटाटा लागायचाच. चतुर्थीला जिऱ्या-मिरचीची उपासाची भाजी, एरवी काचऱ्या, फ्लॉवरमध्ये बटाटा, मटारमध्ये बटाटा, वांग्यातही बटाटा. पगाराच्या दिवशी इलाइट चौराह्यावर थांबून टिक्की खाल्ल्याशिवाय घरी यायचे नाहीत. घरी येऊन परत जेवायचे ते वेगळंच.

सासूबाई गेल्या, त्यानंतर काही वर्षांनी हे निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर पहिली गोष्ट केली ती गयेची. रेल्वेचा पास होता, तब्येत ठणठणीत होती, आई-वडिलांचं गयेला श्राद्ध करायचं मनात होतं. आम्ही दोघं गेलो. तिथला रिवाज असा की सगळे पिंड झाले की शेवटी अक्षयवटाखाली बसायचं आणि आई-वडिलांच्या नावानं एक फळ आणि एक भाजी सोडायची. सोडायची म्हणजे जन्मभर तोंडात घालायची नाही. आपल्याला आवडतं ते त्यांना देऊन टाकायचं, असा त्याचा अर्थ. आता असा अर्थ असला तरी लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या शेजारी बसलेल्या शेटजींनी कारलं सोडलं. त्यांच्या बायकोनं सुरण सोडला. माझी पाळी आली तेव्हा मी अंबाडी सांगून मोकळी झाले. झाशीत अंबाडी डोळ्यांना दिसत नाही.

पंड्यानं ह्यांना विचारलं, "बाबूजी, सब्ज़ी में क्या छोड़ेंगे?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सुचवलं, "करेला बोल दीजिए, सब वही छोड़ते हैं."

"आलू," हे म्हणाले.

पंडा हातातलं पाणी सोडायचा थांबला. "बाबूजी, आलू? सोच लीजिए. आलू के बिना तो आदमी..."

"आलू," हे परत म्हणाले. फळात पेरू सोडला, तोही आवडता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धर्मशाळेत आल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, "काय हो हे? जगात भाज्या संपल्या का? मला विचारायचं तरी होतं. उद्यापासून मी काय शिजवू?" ते शांतपणे मोजे काढत होते. म्हणाले, "तिनं मला जे दिलं तेच तिला द्यायला पाहिजे ना. कारलं काय द्यायचं? कारलं तिनं कधी आणलंच नाही." मी रात्रभर कुढत पडले, आणि मनातून थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करायला मला लाज नाही. असला सरळ माणूस आपल्या वाट्याला आला, असं वाटलं. सरळ माणसाबरोबर राहायचं म्हणजे काय, ते पुढं कळत गेलं.

झाशीत बटाटा सोडून राहणं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहणं. ज्या लग्नाला जावं तिथं पुरी आणि आलूची भाजी. कचोरीबरोबर आलू, समोशात आलू, मटार-पनीरमध्येसुद्धा कुणीतरी आलू टाकून ठेवलेला. हे पंक्तीत बसून दह्याबरोबर पुऱ्या खायचे आणि लोक मला विचारायचे, "भाईसाहब नाराज हैं क्या?" एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी दोन कढयांत करायची, एक माझी, एक त्यांची. इलाइट चौराह्याकडून यायचं झालं तर ते टिक्कीवाल्याची बाजू सोडून पलीकडच्या फुटपाथवरून चालायचे. पण कधी कुरकुर केली नाही. आणि चोरून तर कधीच खाल्ला नाही. मी लक्ष ठेवून होते, मला माहीत आहे.

मग ते गेले त्याच्या आधीच्या गणपतीत त्यांना जेवताना ठसका लागायला लागला. आधी पोळीचा, मग भाताचा. आम्ही म्हटलं, वय झालं. दवाखान्यात गेलो, नळी आत घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि दसऱ्याच्या सुमारास कळलं की अन्ननलिकेत गाठ आहे, वाईट जातीची. ऑपरेशन करण्यासारखी नव्हती. किरणांचा शेक द्यायचं ठरलं. इकडे त्याला सिकाई म्हणतात. दिवाळी झाल्यावर सिकाई सुरू झाली.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "माताजी, बस एक बात का ध्यान रखिए. वज़न मत गिरने दीजिए. ज़्यादा गिरा तो सिकाई रोकनी पड़ेगी, फिर नाक से नली डालनी होगी." मी विचारलं, खायला काय देऊ? गाठीमुळं घास अडतो, घन काहीच उतरत नाही. ते म्हणाले, "आलू दीजिए. छिलके समेत उबालिए, छीलकर खूब मसलिए, छान लीजिए, गरम दूध और घी मिला दीजिए. सस्ता है, ताक़त है, गले में चुभेगा नहीं. दिन में जितनी बार ले सकें."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"दूसरा कुछ बताइए," मी म्हटलं. डॉक्टरांना कळेना की बाई बटाट्याला नाही का म्हणते. गयेचं सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं, म्हणून मी गप्प बसले.

मग मी काय काय केलं नाही! मुगाची खिचडी वस्त्रगाळ केली, तरी ठसका. रताळं उकडलं, त्याच्या शिरा घशात अडकल्या. सुरणानं घसा खाजवून जीव घाबरा झाला. अळकुड्या कुस्करल्या तर तो चिकट गोळा खालीही जाईना आणि वरही येईना, पाठीत थोपटून थोपटून माझे हात भरून आले. केळ्यानं कफ झाला. आमचा मुलगा बंगळूरला असतो, त्यानं तिथून ताकदीच्या पावडरचे डबे पाठवले. त्या गोडमिट्ट वासानंच ह्यांना उलटी व्हायची. डबे अजून फडताळात आहेत, कुणाला हवे असतील तर न्या. उतरायचं ते फक्त भाताची पेज आणि डाळीचं पाणी. पेजेवर माणूस किती टिकणार?

आणि बाहेर गल्लीत नव्या बटाट्याचे दिवस सुरू झालेले. मार्गशीर्षाचं धुकं, आणि धुक्यातून हातगाडीवाल्याची आरोळी, "आलू! नया आलू!" पातळ सालीचे, अंगठ्यानं घासलं की साल निघावी असे. दुधा-तुपात कालवले असते तर लोण्यासारखे झाले असते. मी ते घेऊन घरी यायची, धुऊन परडीत ठेवायची, आणि त्यांच्यासमोर ठेवायची, मुद्दाम. ते परडीकडे बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

"अहो, औषध समजून घ्या," मी म्हणायची.

"औषध बाटलीत असतं."

"सासूबाई असत्या ना, तर त्यांनीच कुस्करून तुमच्या तोंडात कोंबला असता!"

"असत्या तर," ते म्हणायचे. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. "आता दिलाय तो दिलाय. दिलेलं परत कसं मागू?"

मी ओरडायची. हो, आजारी माणसावर ओरडायची. शेजारपाजारच्यांना ऐकू जायचं. हट्टी म्हटलं, अडेलतट्टू म्हटलं, तुम्हाला पुण्य पाहिजे आणि माझं कपाळ पांढरं करून ठेवायचंय का, असंही म्हटलं. काही उपयोग नाही. ते ऐकून घ्यायचे आणि पेजेची वाटी पुढं करायचे, म्हणजे अजून दोन चमचे घेतो, रागवू नकोस. आणि खरंच दोनच चमचे घ्यायचे.

दर आठवड्याला दवाखान्यात वजन व्हायचं. मी त्यांना दोन स्वेटर, कानटोपी, शाल, सगळं घालून काट्यावर उभं करायची. कंपाउंडर म्हणाला, "अम्मा, शॉल तो उतरवा दो." मी म्हटलं, "ठंड लग जाएगी." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तसाच आकडा लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात डॉक्टर स्वतः उभे राहिले आणि शाल, स्वेटर सगळं उतरवलं. आत काही उरलंच नव्हतं. खांद्याची हाडं सदऱ्यातून टोचत होती. डॉक्टर म्हणाले, एक आठवडा बघू, नाहीतर थांबवावं लागेल.

त्या दिवशी ह्यांना घरी निजवून मी तशीच थोरल्या भावाकडे, दादाकडे गेले आणि त्याच्या ओट्यावर बसून रडले. दादानं सगळं ऐकलं. म्हणाला, "आजारपणात दोष नाही. मी सांगतो त्यांना." तो आला, खाटेजवळ खुर्ची ओढून बसला आणि आपद्धर्म समजावून सांगितला. ह्यांनी दोन्ही हात जोडून ऐकलं. शेवटी म्हणाले, "दादा, तुम्ही म्हणता ते शास्त्रात असेलच. पण मी काही शास्त्र बघून सोडला नव्हता."

दादा बाहेर आला, अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. मग मला म्हणाला, "एक करता येईल. घरातल्या दुसऱ्या कुणी तो नेम आपल्या अंगावर घेतला, तर ते मोकळे. बायको अर्धांगी. तू घेऊ शकतेस."

"हे पोथीत आहे?"

"नाही," दादा म्हणाला. "पण असं करू नये, असंही कुठं लिहिलेलं नाही."

मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हाले. ह्यांच्या खाटेवरून देव दिसतील असा पाट मांडला. दादानं माझ्या तळहातावर पाणी घातलं, ह्यांचं गोत्र म्हटलं, सासूबाईंचं नाव घेतलं आणि मी मराठीत, आपल्या साध्या मराठीत म्हटलं, "सासूबाई, ह्यांनी तुम्हाला दिलेला बटाटा आता ह्यांना परत द्या. त्याच्या बदल्यात मी सोडते. मी जन्मभर खाणार नाही." पाणी ताम्हनात सोडलं. बटाटा मलाही आवडायचा, कुणाला नाही आवडत? पण त्या क्षणी वाटलं, आणखी काही मागा, तेही देते.

दादा ह्यांना म्हणाला, "आता तुम्ही मोकळे." ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. बटाटे कुकरला आधीच लावून ठेवले होते, इतकी माझी खात्री. पोळत होते तसेच सोलले, हातानं कुस्करले, पुरणाच्या चाळणीतून दोनदा काढले. कोमट दूध घातलं, घरचं तूप घातलं, चिमूटभर मीठ. इतका सुरेख वास आला की माझं मलाच कसंतरी झालं. आजच सोडलाय, याची आठवण झाली आणि हसू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

वाटी घेऊन खाटेवर बसले. चमचा भरला, फुंकर मारली, तोंडाजवळ नेला. त्यांनी वास घेतला. मोठा श्वास घेऊन घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले. पण तोंड उघडलं नाही.

"गरम आहे का? निववते."

"नको. ठेव ते."

"आता काय अडलं?" माझा आवाज चढला. "नेम माझ्याकडे आला. दादा आहे साक्षीला. आता कशाचा हट्ट?"

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, चमच्यासकट खाली नेला. म्हणाले, "खरं सांगू? चिडशील."

"चिडलेलीच आहे मी. सांगा."

"मला खायचंच नाहीये गं. बटाटा म्हणून नाही. काहीच नाही. दिवाळीपासून नाहीये." मधे दम घेतला. "डॉक्टरांनी मला सांगितलंय, तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा. गाठ जाणार नाही. सिकाईनं नुसतं दुखणं कमी. म्हटलं, मग ओढायचं कशाला? पण तुला ते कसं सांगणार? नेमाचं कारण होतं, ते बरं होतं. तू नेमाशी भांडत होतीस. माझ्याशी नव्हतीस."

मी वाटी हातात धरून बसून राहिले. इतके दिवस मी गयेच्या पंड्याला शिव्या दिल्या, मनातल्या मनात सासूबाईंना दिल्या, सुरणाला, रताळ्याला दिल्या. आणि हा माणूस माझ्यासमोर निजून मला भांडू देत होता. कारण भांडत होते तोवर मला आशा होती.

मग जे तोंडातून आलं ते हे: "आणि मी मघाशी पाणी सोडलं ते? मी जन्मभर बटाटा खाणार नाही, ते कशासाठी मग?"

ते हसले. खरंच हसले, घोगरं, खोकला येईपर्यंत. "तेच तर," म्हणाले, "तू घाई फार करतेस."

मी वाटी घेऊन बाहेर आले. दादा ओट्यावर उन्हाला बसला होता, माझ्या तोंडाकडे बघून उठला. मी म्हटलं, "हे तू खा. मला चालत नाही, त्यांना नको. टाकायचं का?" तिथंच बसून त्यानं ती वाटी संपवली, आणि चमचा चाटता चाटता रडायला लागला. साठी उलटलेला माणूस.

त्या आठवड्याच्या शेवटी सिकाई थांबवली. मुलगा बंगळूरहून आला. त्याला बापाचा चेहरा ओळखू येईना, आणि मग माझ्यावरच घसरला, हे इतकं होईपर्यंत तू काय करत होतीस आई? मी काय करत होते! मी त्याला काही सांगितलं नाही. त्यानं डॉक्टरांना गाठलं, नळीचं सगळं विचारून घेतलं आणि मला येऊन सांगितलं, नाकातून पोटापर्यंत बारीक नळी जाते, त्यातून सगळं देता येतं, डाळ, दूध, बटाटा पातळ करून, काहीही. गिळायलाच नको. वजन परत भरेल, मग पुढचं बघू.

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. नळी टेबलावर तयार होती, तिच्याजवळ हातमोजे होते. ह्यांना बोलवत नव्हतं आता फारसं. ते चाकाच्या खुर्चीत बसले होते, आणि कॅलेंडर वाचत नव्हते, माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "बाबूजी, नली डालें?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. शेवटचा निर्णय माझ्या गळ्यात घातला, बघा. आयुष्यभरासाठी एक भाजी मला न विचारता सोडली, आणि हे मात्र मला विचारायचं होतं.

मला ती नळी घालून घ्यायची होती. खोटं कशाला बोलू? त्या नळीतून मी रोज बटाटा, दूध, तूप सगळं ओतलं असतं. ते आणखी होळीपर्यंत, कदाचित रामनवमीपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर राहिले असते. मला ते हवे होते. कसेही हवे होते.

"नहीं," मी म्हटलं. "नली नहीं डालनी."

मुलगा म्हणाला, "आई, तू बाबांना उपाशी ठेवणार?" सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मी म्हटलं, "हो." एवढंच म्हटलं. त्यापुढं तो माझ्याशी बोलला नाही. घरी आल्यावर बापाला खाटेवर निजवलं, पांघरूण घातलं, आणि बाहेर निघून गेला.

दुपार उतरत आली होती. मी पहाटे चहा घेतला होता, त्यानंतर काही नाही. शेजारच्या जिज्जींनी डबा पाठवून दिला होता, त्यांना आमच्या घरात कुणी काय सोडलंय याचा काही पत्ता नव्हता. मी डबा उघडून बघितला, परत झाकला, आणि ह्यांच्या उशाशी येऊन बसले. ओल्या कापसानं ओठ पुसले. त्यांनी डोळे उघडले. बोलायला फार कष्ट पडत होते, मी कान जवळ नेला.

"जेवलीस?"

"हो," मी म्हटलं. "जिज्जींनी पराठे पाठवले होते."

"कशाचे?"

"मेथीचे."

त्यांनी मान हलवली, बरं झालं अशी, आणि डोळे मिटले. डबा ओट्यावर तसाच भरलेला होता, आणि पराठे बटाट्याचे होते.